सईचा डावा डोळा

रविवार, केज. दिवेलागण.

सईचा पहिला कॅमेरा आजही ठरला नाही. दत्ताच्या फोटो स्टुडिओत दोन बघितले. एक नवा, मागं स्क्रीन असलेला. दुसरा जुना, स्क्रीन गेलेला, बारक्या खिडकीला डोळा लावून बघायचा. "नवाच घे बे, पाच वर्षांच्या लेकराला लई सोपा हाय," दत्ता म्हणाला. मलाही पटलं. पण सईनं जुनाच धरला.

आणि तिला एक डोळा मिटताच येत नाही! मिटले की दोन्ही मिटतात. एका हातानं डोळा झाकला तर दुसऱ्या हातात कॅमेरा हलतो. शेवटी म्हणाली, "पप्पा, तुमी झाका ना." मी मागं उकिडवा बसून तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात धरला. पापणी हातात नुसती फडफडत होती. कॉम्प्युटरवर बघितलं तर दत्ताचं अर्धंच तोंड आलेलं. तरी खूश!

येताना तिला समजावलं, स्क्रीनचा घेतला तर तुला एकटीलाच फोटो काढता येईल.

"मग तुमी काय करनार?"

कॅमेरा तिच्यासाठी घ्यायचाय का माझ्यासाठी? तळहाताला अजून ती फडफड जाणवतेय. चार-सहा महिन्यांत शिकेलच ती डोळा मिटायला.

आत्ता आरशापुढं सराव चाललाय तिचा. मधेच ओरडली, "पप्पा, बघा, जमलं का?"

दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

"न्हाई अजून," मी म्हणालो. लई बरं वाटलं.