अप्पा, हिरवी वायर का कापलीत?

तीर्थरूप अप्पांस,

नंदाचा नमस्कार. तुम्ही बोटीवर असताना पत्राची सुरुवात अशीच करायला लावायचात, म्हणून अजून तशीच होते. तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण मला तुम्हाला एक विचारायचंय आणि दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही.

रिसीव्हरच्या प्लगमधली हिरवी वायर तुम्ही का कापलीत?

आई आत पडलीय. दुपारची झोप लागलीय की नुसते डोळे मिटलेत, कोण जाणे. मी ओटीवर बसलेय, तिथून तिचे पाय दिसतात. ते हलले की मला बरं वाटतं.

पहिल्यापासून सांगते. आईला ऐकू कमी येतं, ते तुम्ही गेल्यापासून आणखी कमी झालंय. मी गेल्या महिन्यात तिला नवीन टीव्ही घेतला. भिंतीएवढा मोठा, पण आवाज कसला म्हणून नाही! स्पीकर म्हणे मागच्या बाजूला असतात. म्हणजे आवाज भिंतीला ऐकू जातो, आईला नाही. ती आपली पडद्यावरच्या माणसांची तोंडं बघत बसायची.

तेव्हा मला तुमचा सिंगापूरहून आणलेला रेडिओचा रिसीव्हर आठवला. दोन मोठाले स्पीकर, जर्मनच्या भांड्यांसारखी चकचकीत बटणं, पिवळ्या उजेडाची पट्टी. तुम्ही गेल्यापासून आईने ती पट्टी विझवलेली नाही. रेडिओ लावत नाही, पण दिवा चालू. मी म्हटलं, राहू दे.

जोडायला गेले तर दोघांची भाषाच वेगळी. रिसीव्हरला मागे लाल आणि पांढरी पिन हवी. टीव्हीला तसलं काही नाहीच, एक चौकोनी भोक फक्त, आणि त्यातून तांबडा उजेड येतो! आवाज उजेडातून जातो हो अप्पा, काचेच्या दोऱ्यासारख्या वायरीतून. दुकानदाराने मध्ये बसवायला काड्यापेटीएवढी डबी दिली. एका बाजूने उजेड आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या पिना बाहेर. तुम्ही असतात तर ती डबी आधी उघडून बघितली असतीत.

काल शनिवारी मी ती बसवली. पहिल्यांदा नुसती खरखर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून आवाजाचा प्रकार पीसीएम करायचा असतो, हे कळायला माझा तास गेला. आणि मग एकदम बातम्यांतली बाई खणखणीत बोलली. आई दचकली. मग हसली! मी तिला अकरा महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं. मला तुमचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, जणू सगळं तुम्हीच केलंत.

आणि गुंगुं आवाज अजिबात नाही. आठवतं? तुम्ही जुना टीव्ही रिसीव्हरला जोडलात तेव्हा स्पीकरमध्ये भुंगा शिरल्यासारखा आवाज येत होता. दोन दिवस तुम्ही जेवण सोडून त्याच्या मागे होतात. तिसऱ्या दिवशी आवाज गेला. "काय केलंत?" म्हणून मी विचारलं, तर तुम्ही मिशीत हसून म्हणालात, "युक्ती." मीही वेड्यासारखी कौतुक करत राहिले.

ती युक्ती मला आज सकाळी कळली.

लादी नुकतीच पुसलेली होती. पावसाळी हवा, तुम्हाला आपल्या भाट्याची समुद्राकाठची हवा माहीत आहे, काही म्हणता काही वाळत नाही. काल मी चपला घालून, कोरड्या हातांनी जोडाजोड केली होती. आज अनवाणी होते. आवाज कमी करायला बटणाला हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी हात झटकला. तुमच्या पेटीतला टेस्टर आणून रिसीव्हरच्या पत्र्याला लावला, तर आतला दिवा भर उजेडात पेटलेला दिसला.

घाबरून मी ओरडले, "आई, ह्याला हात लावू नकोस!"

आई दारात उभी होती. आंघोळ करून आलेली, हात ओले, हातात अबोलीच्या फुलांचा गुंफलेला वळेसर. रोज सकाळी ती रिसीव्हरवर फूल ठेवते आणि थोडा वेळ हात टेकून उभी राहते. मी कितीदा बघितलंय. मला वाटायचं, तुमची वस्तू म्हणून ठेवत असेल.

"कशाला ओरडतंस गो?" ती म्हणाली. "ते हायत तिथे."

"कोण?"

"कोण म्हणजे? हात ठेवला की कळतात मला. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. हल्ली धरून ठेवतात. परवा तर हात सोडवेना. मीच म्हटलं, सोडा आता, चहा उतू जातोय."

अप्पा, तुम्हीच शिकवलंत ना मला, करंट वाढला की स्नायू आखडतात आणि हात आपोआप सुटत नाही? मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग प्लग उपसून काढला. पिवळी पट्टी विझली. आईच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला.

प्लग उघडला. हिरवी वायर कापलेली होती, टोकाला काळी टेप गुंडाळून नीट दुमडून ठेवलेली. तुमचंच काम, टेपसुद्धा किती निगुतीने लावलेली! अर्थिंगची ती वायर तोडलीत म्हणून तो भुंगा थांबला. पण खाऱ्या हवेने आतलं सगळं जुनं झालं, करंट पत्र्यात उतरला आणि त्याला जायला वाटच ठेवली नव्हती तुम्ही. आईशिवाय.

जन्मभर जहाजावर इलेक्ट्रिशियन होतात. लोखंडाच्या बोटीत अर्थिंगसाठी खलाशांना शिव्या घालायचात. घरी मात्र चालतं? उजेडाच्या वायरीतून करंट जात नाही, म्हणजे आता अर्थिंग असती तरी भुंगा आला नसता. तेव्हाही त्या आवाजाबरोबर राहिला असतात, तर काही बिघडलं नसतं.

मी आईला प्लग दाखवला. सगळं समजावलं. "ते अप्पा नव्हेत गं. तो करंट आहे. एक दिवस जीव घेतला असता त्याने." मला वाटत होतं, मी तिच्याकडून तुम्हाला दुसऱ्यांदा हिसकावून घेतेय.

तिने हिरवी वायर बोटांत धरून बघितली. मग शांतपणे म्हणाली, "चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला. करंट म्हणजे काय ते मला कळत नाय होय?"

"तुला माहीत होतं?"

तिने वायर पुन्हा होती तशी दुमडून ठेवली.

"मग हात का ठेवायचीस?"

"कधीतरी सोडणार नाय, म्हणून."

असं म्हणून ती चहा टाकायला गेली, अप्पा. साखर किती घालू म्हणून विचारलंन मला!

मी दर शनिवारी चिपळूणहून येते. फ्रीज बघते, गोळ्यांचा डबा मोजते, "बरी आहेस ना?" म्हणून विचारते. ती "बरी" म्हणते आणि रविवारच्या एसटीने मी परत. तुमच्या वायरीवर रागावण्याचा मला किती हक्क आहे, ते मी सकाळपासून स्वतःला विचारतेय. तुम्ही तर एकच वायर तोडलीत.

आता ऐका, कारण हे मी ठरवलंय. रिसीव्हर मघाशीच घराबाहेर काढलाय. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना घरी फोन करून महिन्याची रजा सांगितलीय, पुढचं पुढे. उद्या सकाळी आईला डॉक्टरांकडे नेतेय आणि तिने मला जे सांगितलं ते त्यांना तिच्यासमोर सांगणार आहे, ती कितीही रागावली तरी. ह्या घरात ती आता एकटी राहणार नाही.

आणि तुम्हाला एक सांगते. ती तुमच्याकडे यायला निघाली होती. तुम्ही बोलावलंत असं मी म्हणत नाही, पण थांबवलंतही नाही. मी थांबवणार आहे. मला तुमच्याशी भांडावं लागलं तरी चालेल. अप्पा, तिला मी तुम्हाला देणार नाही.

तुमची, आणि तुमच्यावर फार रागावलेली,
नंदा