डाळीच्या डब्यातली गोळी

आई,

तू दोन रात्री दवाखान्यात जागली, म्हणून उठवलं नाही. रोहिणीच्या फिटच्या गोळ्या अन् अकोल्याच्या डॉक्टरचा कागद तू तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला होता. दोन्ही घेऊन मी वाशिमले दवाखान्यात चालली.

सकाळी बाबांचा फोन आला. रोहिणीले फिट आली. तीन वर्षांत आली नव्हती. बाबांनी डॉक्टरले तापाची थंडी सांगितली, तू शिकवलं तसंच.

तू तिले चोरून गोळी देत होती, एक वेळ चुकवली नाही, मले माहीत हाये. पण किडनीच्या इन्फेक्शनसाठी तिले मेरोपेनेमचं इंजेक्शन चालू हाये, त्यानं रक्तातली ही गोळीच कमी होते. मेडिकल उघडल्याबरोबर मी इचारून आली. भरती करतानाच डॉक्टरनं तुले इचारलं होतं, दुसरी कोणती गोळी चालू हाये काय. तिची होणारी सासू बाजूले उभी होती, अन् तू नाही म्हटलं.

इंजेक्शन बंद करा म्हणून भांडू नको. इन्फेक्शनही साधं नाही. काय बदलायचं ते डॉक्टर पाहतीन.

बाबांले म्हटलं, डॉक्टरले आताच खरं सांगा. ते म्हणे, तुह्या आईले इचारल्याबिगर नाही. तू फोनवर त्यांले नाही म्हणशीन, म्हणून तुहा फोनही मी सोबत नेला. भाकरी टोपल्यात हायेत, खाऊन घे.

सोयरीक मोडली तरी रोहिणी जित्ती घरी येईन. मले तेवढंच पाहिजे.

साधना