थर खालीच जातो

११ नोव्हेंबर १९३१

'नेटिव्ह असिस्टंटने दिशा उलटी नोंदवली.' तेल कंपनीतल्या माझ्या साहेबाने, ब्रेथवेटने, रिपोर्टात माझ्याबद्दल एवढं एकच वाक्य लिहिलं. अकरा वर्षांची नोकरी त्या वाक्यात गेली. आज सकाळी रत्नागिरी बंदरात उतरलो तरी तेच डोक्यात घणघणतंय. ब्रह्मदेश सोडल्यापासून दुसरं काही सुचलेलं नाही.

ही वही बंदरावरच घेतली. माणसांशी बोललो तर भांडण होईल.

१३ नोव्हेंबर

मालगुंडच्या अलीकडच्या वाडीत, थोरल्या बहिणीकडे, सगुणाअक्काकडे आलो. आठव्या वर्षी काकांनी मला शिकायला पुण्याला नेलं, त्यानंतर इथे फक्त पाहुणा म्हणून आलो. घर आहे तसंच. मागे कातळाचा सडा चढत गेलेला, सड्यापलीकडे समुद्र, पण तो घरातून दिसत नाही. पुढे भाताची खाचरं पूर्वेला उतरत उतरत पऱ्याच्या ओढ्याला मिळतात.

वाडीत बातमी पोचलेलीच होती. 'तेल काढायला गेला व्हता तो परत आला.' महिपतभावोजी म्हणाले, "कंदिलापुरतं तरी आणलंस काय रे?" हसले सगळे. दगड बघून तेल कुठे आहे ते सांगणं हा माझा धंदा, असं म्हटलं तर एका म्हातारीने आपली हरवलेली शेळी कुठे आहे ते विचारलं. मी भगत आहे असं तिला वाटलं! उठून परसात गेलो.

१९ नोव्हेंबर

लिहूनच काढतो एकदा.

जमिनीच्या पोटात खडकांचे थर असतात. ते कुठल्या बाजूला कलतात त्यावरून तेल कुठे साठलं असेल ते ठरतं. बाजू चुकली तर विहीर कोरडी. त्या टेकड्यांचा नकाशा मी केला. जळवा, जंगल, हिवताप, सगळं सोसून केला. ब्रेथवेट बंगल्यात बसून त्यावर सही करणार! थर पूर्वेला कलतो असं मी लिहिलं, म्हणून पूर्वेला विहीर खणली. दोन हजार फूट. खाली पाणी लागलं, नुसतं खारं पाणी.

मग हा गृहस्थ म्हणे जिथे थर उघडा पडलाय त्या नाल्यात स्वतः जाऊन आला, आणि म्हणे थर पश्चिमेला कलतो. गेलाच नसेल. कोरड्या विहिरीचं खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडायचं होतं, माझं डोकं जवळ होतं. मला समोर उभं करून विचारतो, "तू स्वतः पाहिलंस का?" मला! अकरा वर्षं ज्याच्या नकाशांवर तो मोठा झाला, त्या मला!

हो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

२० नोव्हेंबर

कालचं अर्धं राहिलं. कागदापासून काय लपवायचं.

नाल्यातली ती एक जागा मी पाहिली नव्हती. तंबूत तापाने फणफणलो होतो. बाबल्याला पाठवलं. बाबल्या आपल्याच मुलखातला, देवरूखकडचा. आठ वर्षं माझी मोजणीची साखळी ओढली, हातोडा वागवला. थर ओळखायला मीच शिकवलं त्याला. संध्याकाळी तो तंबूच्या दाराशी येऊन म्हणाला, "सायब, थर खाली जातो." नाला पूर्वेला उतरतो हे नकाशावर होतंच. मी वहीत लिहिलं: कल पूर्वेकडे.

बाबल्या चुकणारा माणूस नाही. मग मी पाहिलं काय नि त्याने पाहिलं काय, सारखंच.

२६ नोव्हेंबर

लंडनच्या डायरेक्टरांना अर्ज लिहायला घेतला. ब्रेथवेट खोटारडा आहे हे स्वच्छ शब्दांत लिहिणार. माझं नाव परत पाहिजे मला. नोकरी देतील न देतील, ते वाक्य खोडलं पाहिजे.

२८ नोव्हेंबर

अर्जासाठी बाबल्याचा अंगठा हवा होता. निरोप धाडला होता, आज आला. त्यालाही माझ्याबरोबरच काढलं. घरची नाचणी खाऊन आणखी वाळलाय. ओटीवर बसायला सांगितलं तरी खालीच पायरीवर टेकला. मी विचारलं, "बाबल्या, तो नाल्यातला थर. कुठे जात होता?"

"खाली, सायब."

"नक्की?"

"खालीच जातो तो. माज्या डोळ्यान बघितलाय. इचारा कुणी पन, हेच सांगीन."

झालं. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. निघताना म्हणाला, "माज्यापायी तुमास्नी तरास नाय ना झाला?" मला गलबलून आलं. असल्या माणसाच्या शब्दापेक्षा त्या गोऱ्याचा शब्द मोठा!

२ डिसेंबर

अर्ज आणि नकाशाच्या नोंदींची माझी मूळ वही रजिस्टर पोस्टाने रवाना. अर्जात लिहिलं आहे: 'सदर थर मी स्वतः पाहिला.' बाबल्याचं नाव साक्षीदार म्हणून, माझ्यासोबत हजर असलेला. एवढंसं वळवावं लागलं. साखळी ओढणाऱ्याने थर पाहिला म्हटलं असतं तर त्यांनी पुढे वाचलंच नसतं.

२१ डिसेंबर

पत्र नाही. इतक्यात येणारही नाही. तरी पोस्टमन दिसला की संताप येतो.

९ जानेवारी १९३२

आज अक्कावर ओरडलो. भावोजींना भेटायचं होतं. "कुठे गेले?" तर म्हणते, "खाली." मी खाचरं उतरून गेलो, पऱ्यापर्यंत गेलो, पलीकडच्या बागेत हाका मारल्या. चिटपाखरू नाही. घामाघूम होऊन परत येतो तर भावोजी मागच्या सड्यावरून गवताचा भारा घेऊन येतायत!

"खाली म्हणालीस ना?"

"मगे? खालीच व्हते ते."

"अगं तो सडा वर आहे! चढ आहे तो!"

ती माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायला लागली. "दर्याकडची ती खाली. घाटाकडची ती वर. येवढा शिकलास, येवढं कळत नाय?"

चढ असो नाहीतर उतार, समुद्राकडे जाणं ते खाली! या लोकांना शास्त्र कोण शिकवणार? भावोजी म्हणाले, "ल्हानपनी तू पन असंच बोलत व्हतास." असेन. मग पुण्याने सुधारलं म्हणायचं. रागारागाने जेवलोही नाही.

१७ फेब्रुवारी

वाडीत गडबड. मथुराकाकूंच्या विहिरीला तेल लागलं! शाळेतले गंगाराम मास्तर पोरांना घेऊन हजर. त्यांनी रत्नागिरीला पत्रही धाडून टाकलंय, आमच्या गावी रॉकेल सापडलं म्हणून.

गेलो. पाण्यावर तवंग होता खरा, निळा-जांभळा चमकणारा. काठीने डिवचला. तवंगाचे पापडासारखे तुकडे झाले आणि तसेच राहिले. तेलाचा तवंग तुटत नाही, काठी काढली की परत मिळून येतो. हा जांभ्यातल्या लोखंडाचा गंज. दोन पळांचं काम. मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं. काठी घालून बघायचं सोडून दुसऱ्याच्या सांगण्यावरून पत्रं कसली लिहिता? स्वतः पाहिल्याशिवाय माणसाने एक अक्षर लिहू नये! मास्तर लाल झाले.

मथुराकाकूंना मात्र वाईट वाटलं. म्हणाल्या, "आता ह्या पान्यात डाळ तरी शिजंल ना?"

६ मार्च

कामासाठी रत्नागिरीला गेलो होतो. थिबा राजाच्या वाड्यावरून आलो. ब्रह्मदेशचा राजा इथे आणून कुजवला, आणि इथला मी तिकडे जाऊन कुजलो. दोघांचंही बरंवाईट साहेबच ठरवत होते. कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितो.

१४ एप्रिल

आलं!

'आपली तक्रार मान्य. मूळ वही व साक्षीदाराचे निवेदन पाहता आपण दिशा उलटी नोंदवली हे म्हणणे टिकत नाही. श्री. ब्रेथवेट यांना सेवेतून मुक्त करण्यात आले आहे. आपण त्वरित रुजू व्हावे.'

चार वेळा वाचलं. मंदीच्या दिवसांत त्यांना एक गोरा कमी करायचाच असेल, हेही समजतं मला. समजलं म्हणून आनंद कमी होत नाही. अक्काने देवापुढे नारळ फोडला. मी मात्र अजून धुमसतोच आहे. पाच महिने! मला पाच महिने चोरासारखं घरात बसवलं याने! आता बसू दे त्याला.

बाबल्याला निरोप धाडला. त्यालाही घेतील, मी घ्यायला लावीन.

१९ एप्रिल

पावसाआधीची बोट मिळते आहे, बावीस तारखेला. ट्रंक भरली. हातोडा घासून लख्ख केला. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२१ एप्रिल

बाबल्या आला. वळकटी घेऊनच आला, उद्या बरोबर निघायला. खूश होता. अंगणात उभा राहून भावोजींना नाल्याची गोष्ट सांगत होता: सायब तापात, मी एकला गेलो, थर बघितला. हाताचा पंजा तिरपा करून दाखवला, "असा खाली जात व्हता." पंजा सड्याकडे होता. चढाकडे. समुद्राकडे.

मी विचारलं, "बाबल्या, नाल्याचं पाणी कुठे जात होतं?"

"वर," तो म्हणाला. "उगवतीला."

"आणि थर?"

"खाली. बुडतीला. तुमास्नी बोललो नाय का मी?"

बोलला होता. बरोबर बोलला होता.

ब्रेथवेट नाल्यात गेला होता.

वळकटी पायरीवर आहे. बाबल्या अक्काने दिलेली पेज पितोय. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. अर्जाचा कोरा कागद समोर घेतला आहे. पहिल्या ओळीत ब्रेथवेटच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर लिहितो.

नाही साहेब. मी स्वतः नाही पाहिलं.