परदेशातला दादा

३ मार्च
आज दादाने माझ्या पानांत चार चुका काढल्या. चार! वर्तमानपत्रात प्रुफं तपासायला पगार मी घेते आणि चुका हा काढतो — फुकट. लाल पेन्सिलीने गोल करून अंक माझ्या चहाच्या कपाखाली ठेवतो. "प्रूफरीडर म्हणे! आधी चष्मा शोध."
छापलेलं वाचताना डोक्यातले ते आवाज गप्प बसतात, म्हणतो. गोळ्यांनी कमी झालेत, गेले नाहीत. बारा वर्षं झाली.
पुन्हा म्हणाला, "एकदा ने ना गं मला तुझ्या ऑफिसात. कोपऱ्यात बसेन." बघू म्हटलं. माझं 'बघू' त्याला पाठ झालंय.

६ मार्च
डबा खाताना उपसंपादकाने विचारलं, "ताई, दादा परदेशातून कधी येणार?" सुट्टी मिळत नाही, म्हटलं. नोकरीला लागले तेव्हा 'घरी कोण कोण' या प्रश्नावर तोंडातून निघून गेलं होतं. दादा तेव्हा इस्पितळात होता. एक थाप मारली, नऊ वर्षं तिला पोसतेय. गेल्या वर्षी तर त्याला बढतीसुद्धा देऊन टाकली!

११ मार्च
कुणीतरी एका दुकानाच्या काचा फोडल्या. मथळा आला — 'माथेफिरुची दगडफेक'. रु ऱ्हस्व. खाली 'स्किझोफ्रेनिया असल्याचा संशय'. संशय कुणाला, कशावरून, काही पत्ता नाही. उपसंपादक म्हणाला, "त्या रोगात एकाच अंगात दोन माणसं असतात ना? कधी कुठला बाहेर येईल, नेम नाही."
उत्तर मला येत होतं. डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून समजावलं होतं — माणूस एकच असतो. नसलेलं त्याला ऐकू येतं, नसलेलं खरं वाटतं, आणि सगळ्यांत जास्त घाबरलेला तोच असतो. दादाने आजवर कुणाला टाचणीसुद्धा टोचलेली नाही. हे बोलायला दोन मिनिटं लागली असती. मी रू दीर्घ केला आणि पान छपाईला सोडलं.

१२ मार्च
अंकावर आज एकही लाल गोल नाही. "रू बरोबर आहे," एवढंच म्हणाला. दिवसभर खिडकी लावून बसला.
खालच्या काकू जिन्यात त्याला बघून उलट्या पावली घरात शिरल्या. परवापर्यंत याच काकू औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर त्याच्याकडून वाचून घ्यायच्या!

१५ मार्च
जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, "ते पेपर मोठ्याने वाचतायत." आवाज. आता छापलेलंही त्यांचंच झालं.

१७ मार्च
दगड मारणारा आजारी नव्हताच. त्याच दुकानातून काढून टाकलेला कामगार, रागाच्या भरात केलं. खुलासा आला — सातव्या पानावर, दोन ओळी, निविदांच्या खाली. मीच तपासला.
दादाला दाखवला. "भिंग घेऊन वाचतील लोक," म्हणाला आणि हसला. आठवड्यात पहिल्यांदा! मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडून घेतलं. ठरलं. सोमवारी त्याला नेणार. सगळ्यांना सांगणार — हा माझा भाऊ, इथेच असतो, माझ्याबरोबर.

२० मार्च
सोमवार गेला. काम फार होतं, म्हटलं त्याला. शर्टाला इस्त्री करून तयार बसला होता. "बघू," तोच म्हणाला.
एका माणसाची दोन माणसं आजाराने नाही केली. मी केली. एक घरात कोंडलेला, एक परदेशात मजेत. लाज वाटते. त्याची नाही.

२२ मार्च
उपसंपादक दारातच भेटला, खुशीत. "ताई, तुमच्या दादांचा फोन आला होता! तिसऱ्या पानावरची चूक सांगायला. तुमचा भाऊ बोलतोय म्हणाले. मी म्हटलं, अरे वा, परदेशातून? त्यांनीही विचारलं, परदेशातून? मग म्हणाले, हो, तिकडूनच. तब्येत विचारली, तर म्हणाले — इकडे मी अगदी बरा असतो."