हातून पडलेलं एक मत

प्रभूमध्ये माझे वडीलधारे गिल्बर्ट भावोजी यांना ड्रमलेनहून रेनिकचा सलाम.

पाकिटावर माझं अक्षर बघून इकडे कुणी गेलं की काय, अशी शंका आली असेल. कुणी गेलेलं नाही. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे आणि बटाटे यंदा बरे निघाले. युफीताईला खोकला लागलाय असं कानावर आलं, आता कसा आहे? तिच्या छातीला तुमच्या स्कॉटलंडची खारी हवा मानवणार नाही, हे मी कधीच सांगितलं असतं. पण बावीस वर्षं आपलं बोलणंच नाही, त्यामुळे राहून गेलं.

तर घडलं ते असं. परवा गावच्या कौन्सिलची निवडणूक झाली. नेहमीप्रमाणे मी मतदान चालतं त्या शाळेच्या दारात उभं राहून आपली जुनी साक्ष मोठ्याने वाचत होतो, की तीनशे वर्षांपूर्वी राजाने देवाशी केलेला करार मोडला, आणि गादीवर बसणारा तो पुन्हा मान्य करीपर्यंत आपल्या चर्चच्या मंडळीतला कुणीही या राज्यात मत देणार नाही. (ऐकायला तिघे होते. त्यातली एक मेंढी.) इतक्यात असा पाऊस कोसळला, की साक्षीचा कागद भिजू नये म्हणून मी आत शिरलो. चष्म्यावर वाफ. टेबलामागच्या माणसाने नाव विचारलं, ते मी सांगितलं. नाव खोटं सांगायची आपल्या घराण्याची रीत नाही. त्याने एक कागद हातात दिला. मला वाटलं, निषेध लिहून घेतायत, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली. म्हणून फळीच्या आडोशाला गेलो, तर पेन्सिल वीतभर दोरीला बांधलेली. अशा पेन्सिलीने माणूस लिहिणार काय! एक रेघ घसरली, ती सुधारायला गेलो तर दुसरी तिच्यावर आडवी पडली, आणि नेमकी एका नावापुढे फुली झाली. कागद नीट घडी करून ठेवायची मला सवय. आणि समोर पेटीला फट! चाळीस वर्षं देवळाच्या दारातल्या दानपेटीत टाकणारा हात तो, फट दिसली की थांबतो थोडाच?

दारात मटिल्डा गॉल्ट उभी होती. "अगंबाई, रेनिक! तुम्ही? आतून?" एवढंच म्हणाली, पण दुपारच्या धारा काढेपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळलं होतं.

आता मंडळीच्या वडीलजनांचा चिटणीस मीच, तेव्हा गुन्हेगाराला हजर राहण्याची नोटीसही मीच लिहायची. लिहिली. "आपणांस कळविण्यात येते की" वगैरे सगळं रीतसर. नोटीस हातोहात द्यावी असा नियम आहे, म्हणून उजव्या हाताने डाव्या हाताला दिली आणि पोच लिहून घेतली. देवळात उपदेश करणारे आपले नवे पाळक डिल सत्तावीस वर्षांचे आहेत. लहानपणी त्यांच्याकडून धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली ती मी. ते बिचारे घरी येऊन चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "काका, सगळ्यांसमोर तुम्हाला रागवायचं म्हणजे काय बोलायचं, ते तरी सांगा. मला नाही जमायचं हो." मी म्हटलं, जुन्या वहीत नमुना आहे, काढून देतो.

वही काढली, भावोजी. नमुना म्हणजे तुमचाच. तुम्ही पुलासाठी मत दिलंत, ओढ्याला पूर आला की पलीकडची पोरं शाळेला मुकायची म्हणून, आणि मी उभा राहून तुम्हाला सगळ्या मंडळीपुढे वाचून दाखवलं होतं तेच. त्यात "ताठ मानेचा" हा शब्द तीनदा आहे. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि महिन्याभरात ताईला घेऊन लार्न बंदरातून स्कॉटलंडची बोट पकडलीत. पहिलं वर्षभर मी तत्त्वासाठी त्या पुलावर पाय ठेवला नाही; ओढ्यातून जायचो. दोनदा पडलो. तिसऱ्यांदा पुलावरून गेलो आणि तेव्हापासून रोज जातोय. हे तुम्हाला कळवायला हवं होतं.

ताईला सलाम, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
रेनिक

ता. क. पाऊस नव्हता. लख्ख ऊन होतं आणि चष्मा सकाळीच पुसला होता. शाळा बंद करायची टूम निघाली आहे. ग्रेसी मकिल्रॉय एकटीच त्याविरुद्ध निवडणुकीला उभी होती. पूर्वजांनी करारावर सही केली ती आपल्यासाठी आणि आपल्या लेकरांसाठी. तान्ह्याला बाप्तिस्मा देताना ते पोर आपलं म्हणून आपण सगळे उभे राहतो. मग त्याची शाळा बुडत असताना दारात उभं राहून मी साक्ष कसली वाचतो? जुनं टिकावं म्हणून जन्मभर मत दिलं नाही, आणि जुनं टिकावं म्हणूनच दिलं. ग्रेसी दोनशे मतांनी निवडून आली. म्हणजे माझ्या पापाची कुणाला गरजही नव्हती.

आणखी एक. तुमचं नाव मंडळीच्या यादीतून काढायला मला तेव्हा सांगितलं होतं. त्या दिवशी दौतीतली शाई वाळली होती. पुढे दरवर्षी यादी उतरवताना ती नेमकी त्याच ओळीला वाळायची. तुम्ही दोघं अजून यादीत आहात.

शेवटचं, आणि पत्र खरं यासाठीच. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, शब्बाथाच्या उपासनेत, मला सगळ्यांसमोर उभं करणार आहेत. मजकूर तुमचाच ठेवलाय, एक शब्द बदललेला नाही. रागावून झालं की ज्याला पुन्हा आपलं म्हणायचं असेल तो पुढे येऊन हात देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वेळी मी हात दिला नव्हता. माझ्या वेळी पहिला हात तुमचा असावा, एवढंच मागणं आहे. बोटीतून उतरलात की सरळ पुलावरून या. मी अलीकडे उभा असेन.