पहिल्या घागरीतला गाळ

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असूनही लिहितेय. आज नदीवर जे कळलं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? दादा सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दू शिकला; मला मराठी अक्षरं लग्नानंतर यांनी शिकवली, ती आज कामी आली.

तू गेल्यावरचा हा पहिलाच उन्हाळा. चैत्रातच जुई नदी आटली. रेतीत पाण्यासाठी खड्डा, झिरा, कुठे खणायचा, हे बायांनी मला विचारलं, कारण मी तुझी लेक! मीही तोऱ्यात गेल्या सालच्या तुझ्याच जागी खणायला बसले. कंबरभर खणलं तरी कोरडी रेती. शेजारची गंगाकाकू घागर पालथी घालून बसली होती.

डोंगरातून खळखळत उतरणारी ही नदी आपल्या गावाशी येऊन रेतीखाली जाते तरी कुठे? आज पहाटे एकटीच वरच्या अंगाला बघत निघाले. गेल्या पावसाळ्यातल्या पुरानं सगळी रेतीच इकडची तिकडे केलीय गं! एका जागी लव्हाळं बुडाशी हिरवं होतं. ऊन चढल्यावर तिथे पिवळी फुलपाखरं रेतीला चिकटून बसली. पाय ठेवला तर गार लागलं. दोन हात खणलं आणि पाणी!

तू पहाटे अनवाणी रेतीवर फिरायचीस तेव्हा मी हसायचे. काय करतेस विचारलं, तर म्हणालीस, "पायाला इचारून राह्यले." मला ती थट्टा वाटली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पहिली घागर भरली तर नुसता गाळ. दुसरी जरा बरी, तिसरी नितळ.

मी पहिल्या घागरीत पुन्हा डोकावले. झिरा खणते म्हणून पहिली घागर हिचीच, असं गंगाकाकू बायांत म्हणायची. मला लाज वाटायची. एकदा तर मी तुला तोंडावर विचारलं, "माय, तू हावरट हाईस का? समद्यांच्या आधी तूच भरती." तू घागरीत गढूळ पाणी निवळायला निवळीची बी उगाळत राहिलीस. मला वाटायचं, घरोघरी उगाळत असतील! बायांना नितळ पाणी मिळावं म्हणून त्या यायच्या आत तू गाळ घरी नेत होतीस. ओतून द्यायला पाणी होतं कुठे? पण एका शब्दानं सांगायचं नाही होय? मला तरी? फार चुकले गं मी.

बाया आल्या तेव्हा गंगाकाकूला ती पहिली घागर दाखवली. तिनं आत हात घातला, बोटांना लागलेला चिखल बघत राहिली.

"तुझी माय मला हे कधीच बोलली न्हाई," ती म्हणाली.

मग तिनं ती गढूळ घागर उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गावाकडे चालू लागली. मी अडवलं नाही.

उद्यापासून मात्र पहिली घागर मीच नेईन, माय. कुणी काही म्हणालं तरी नेईन.

तुझी,
सोना