टाकीला पांघरूण

१६ जानेवारी १९८५, श्रूजबरी, अमेरिका
सकाळी घर गरम करणारी फर्नेस बंद. बर्नर घरघरतो, पेटत नाही. म्हणजे तेल पोचत नाही. टाकी घराबाहेर आहे; गेजचा काटा अर्ध्यावर, तेव्हा तेल आहेच. नीला म्हणाली, अहो, ऑइल कंपनीला फोन करा. मी म्हटलं, घरात मेकॅनिकल इंजिनियर असताना? सासूबाई परवाच नागपूरहून आल्यात. त्यांना डॉक्टर जावई हवा होता. संधी चांगली आहे.

१७ जानेवारी
फिल्टर बदलला. जुना स्वच्छ होता, पण निर्णय योग्यच. बर्नर पेटला नाही. रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू. नीलानं बजावलं: शनिवारपर्यंत घर गरम झालं नाही, तर सगळं तिच्या मैत्रिणीकडे, मालिनीकडे. सासूबाई कोट घालून जेवल्या. तेच लागलं.

१८ जानेवारी
तेलाच्या लाइनमधली हवा काढली. नुसती हवाच येत राहिली. प्रगती आहे.

संध्याकाळी
बाथरूममध्ये खोबरेल तेलाची बाटली थिजलेली. उलगडा झाला! टाकीतलं तेलही थिजलंय. घरातली सगळी पांघरुणं टाकीवर बांधली. नीलानं विचारलं, आणि आम्ही? मी म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सासूबाईंची दुलईही घेतली. त्यांनी आपणहून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

१९ जानेवारी
सासूबाई दुलई न्यायला बाहेर आल्या. नऊवारी, वर नीलाचा थंडीतला जाड पार्का. दुलई सोडली आणि रॉकेलच्या डब्यावर वाजवतात तसं टाकीवर बोटानं वाजवत गेल्या, वरपासून खालपर्यंत. म्हणाल्या, अहो जावईबापू, हिच्यात काही नाही हो. मी शांतपणे गेज दाखवला. त्यांनी गेजवरही टकटक केलं. काटा शून्यावर पडला.

ऑइल कंपनीला फोन केला. ट्रक उद्या. हळदीकुंकू मालिनीकडे.

२० जानेवारी
तेल आलं. लाइनमधली हवा काढली, बर्नर पेटला. हे माझंच काम. घर छान गरम आहे. बघायला कुणी नाही.

रात्री
दोघी परतल्या. मालिनीनं सासूबाईंकडून आपलीही टाकी वाजवून घेतली म्हणे. पाव भरलेली निघाली. आता आणखी तीन घरांतून बोलावणं आहे. मी येऊन बघतो म्हटलं, तर नीला म्हणाली, त्यांनी आईला बोलावलंय. तुम्ही ड्राइव्ह करा.

करीन. टूलबॉक्स डिकीत ठेवलाय. नीलाला सांगितलेलं नाही.